तिहाईचा हिशोब: वहीत काय लिहायचं, म्हणजे हात समेवर पडेल

“सर, सोळाला तीनने भाग जात नाही. मग तीनतालात समेपासून समेपर्यंत तिहाई बसणार कशी?”

परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हा प्रश्न माझ्या क्लासमध्ये हमखास येतो. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून शेवटचा धा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणणं; आणि तीनताल सोळा मात्रांचा. विचारणाऱ्याच्या वहीत ५.३३ असा आकडा असतो, खाली दोन रेघा मारलेल्या असतात आणि त्याच पानावर पाठ केलेली एखादी तिहाई तालात कशीबशी कोंबलेली असते. ती कधी समेवर येते, कधी अर्धी मात्रा आधीच पोचते. हाताचा यात दोष नसतो. भागाकार भलत्याच आकड्याचा केलेला असतो. तीनतालात समेपासून समेपर्यंतच्या तिहाईला १६ लागतच नाहीत. लागतात १७, ३३ किंवा ६५.

तबला, पखवाज किंवा कथक शिकणाऱ्या आणि ठेका (तालाचे ठरलेले बोल) हातावर धरून दुगुन-चौगुन म्हणता येणाऱ्या कुणालाही पुढचं सगळं जमेल. गणित चौथीपर्यंतचं आहे. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. निम्म्या चुका आधी बोल आणि मग जागा शोधण्यातून होतात.

## तयारी: वही आणि तीन शब्द

गणिताची चौकटीची वही घ्या. रेघांची नको. पेन्सिल, खोडरबर आणि मोबाइलवर लेहरा (तालाच्या मापाची, पुन्हा पुन्हा फिरणारी धून). लय मिनिटाला ६० मात्रा ठेवा, म्हणजे एका सेकंदाला एक मात्रा येते आणि घड्याळाशीही ताळा जमतो.

मग तीन शब्दांचे अर्थ पक्के करा. प्रत्येक गुरुजी ते थोडे वेगळे वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

घर: वहीतली एक चौकट. बराबरीच्या लयीत एका मात्रेला एक घर, दुगुनला दोन, तिगुनला तीन, चौगुनला चार. इथून पुढे सगळं मोजायचं ते घरांत, मात्रांत नाही.

पल्ला: तिहाईत तीनदा येणारा बोल, शेवटच्या ‘धा’सकट. त्या धाला एकच घर.

दम: धाचं घर संपल्यावर, पुढचा पल्ला सुरू होईपर्यंतची रिकामी घरं. धा यात धरायचा नाही.

दम असलेली तिहाई दमदार, नसलेली बेदम. काही जण धासकट दम मोजतात. तसं शिकला असाल तर ती पद्धत चूक नाही, पण या हिशोबापुरती बाजूला ठेवा. दोन पद्धती एका पानावर आल्या की प्रत्येक पल्ल्यामागे एक घर सांडतं.

## पायरी १: एकूण घरं काढा

आधी तीन गोष्टी ठरवा: ताल कोणता, सुरुवात कुठल्या मात्रेपासून, लय कोणती. त्यांतून एकच आकडा काढायचा:

एकूण घरं = (समेपर्यंतच्या मात्रा × लय) + १

समेपर्यंतच्या मात्रा म्हणजे तालाच्या मात्रांतून सुरुवातीची मात्रा वजा करून त्यात १ मिळवायचा. तीनतालात खालीपासून (टाळी न देता नुसता हात दाखवायची जागा) म्हणजे नवव्या मात्रेपासून उठलात, म्हणजे तिहाई सुरू केलीत, तर १६ − ९ + १ = ८.

शेवटचा +१ कशाला? हाताची पाच बोटं पसरा. बोटं पाच, मधल्या फटी चार. समेपासून समेपर्यंत सोळा मात्रांचं अंतर आहे, पण तिहाईचा शेवटचा धा पुढच्या समेच्या घरात पडतो. ते घरही आपलंच.

तीनतालात समेपासून उठलात तर बराबरीत १६ + १ = १७, दुगुनमध्ये ३२ + १ = ३३, चौगुनमध्ये ६४ + १ = ६५. खालीपासून चौगुनमध्ये ३२ + १ = ३३. आता पाहा, १६ ला तीनने भाग जात नाही, पण ३३ ला जातो.

> सावधान: +१ लयीने गुणायचा नाही. (१६ + १) × २ = ३४ असं लिहिलेल्या वह्या मी दरवर्षी बघतो. समेचं घर कुठल्याही लयीत एकच.

## पायरी २: बोल घरांत मोजा

पल्ला चौकटीत लिहून मोजा, मनात नाही. या लेखात आपण सगळ्यांच्या तोंडी असलेला बोल घेऊ:

ति | ट | क | त | ग | दि | ग | न | धा

नऊ घरं. सोपं आहे, कारण इथे एक अक्षर म्हणजे एक घर.

सगळीकडे तसं नसतं. ‘धाती धागे नधा तिरकिट’ या ओळीत चार मात्रा आहेत आणि दुगुनच्या हिशोबाने आठ घरं. अक्षरं मोजलीत तर दहा होतात, कारण ‘तिरकिट’ची चार अक्षरं दोनच घरांत मावतात. उलट ‘धाऽ’सारखा बोल एका अक्षरात दोन घरं खातो. म्हणून ओळ हातावर मात्रा धरून एकदा म्हणा, मात्रा मोजा, लयीने गुणा. अक्षरांवर विश्वास ठेवू नका.

> पडताळा: पल्ल्याची घरं आणि एकूण घरं, दोन्ही विषम किंवा दोन्ही सम हवीत. दुगुन-चौगुनमध्ये मात्रेवरून उठलात तर एकूण आकडा कायम विषमच येतो, म्हणजे पल्लाही विषम घरांचा हवा. आठ किंवा दहा घरांचा पल्ला घेऊन बसलात तर रात्रभर खोडरबर घासूनही तिहाई बसणार नाही. एक घर वाढवा नाहीतर कमी करा.

## पायरी ३: दम काढा

तीन पल्ल्यांच्या मधे जागा दोनच. त्यामुळे:

दम = (एकूण घरं − ३ × पल्ला) ÷ २

तीनताल, खालीपासून, चौगुन: ३३ − २७ = ६, भागिले २ = ३. दम तीन घरांचा. धाचं एक आणि दमाची तीन मिळून एक मात्रा भरते, म्हणून ही तिहाई ‘तिटकत गदिगन धाऽऽऽ’ अशी तीन-तीन मात्रांची दिसते: ९ ते ११, १२ ते १४, मग १५, १६ आणि सम. इथे एक गंमत आहे. मात्रांत मोजलीत तर ३ × ३ = ९, म्हणजे ८ + १, दम शून्य. घरांत मोजलीत तर दम तीन. दोघे जण ‘दमदार की बेदम’ यावर भांडत असतील, तर आधी ते कशात मोजतायत ते विचारा.

तोच बोल तीनतालात समेपासून बराबरीच्या हिशोबात घेऊ. ‘तिट’ एका मात्रेत, ‘कत’ एका मात्रेत, असा पल्ला पाच मात्रांचा: तिट, कत, गदि, गन, धा. १७ − १५ = २, दम एक मात्रा. पहिला धा ५ वर, दुसरा ११ वर, तिसरा समेवर. कुणाला पहिली तिहाई शिकवायची असेल तर मी हीच शिकवतो.

वजाबाकीचं उत्तर ऋण आलं तर पल्ला मोठा आहे: छोटा करा किंवा एक आवर्तन (समेपासून समेपर्यंतचा फेरा) वाढवा. उत्तर फार मोठं आलं तर गणित बरोबर असूनही तिहाई वाईट. नऊ घरांचा हाच पल्ला चौगुनमध्ये तीनतालाच्या समेपासून घेतला तर दम १९ घरांचा येतो. दोन मात्रा वाजवायचं आणि धानंतर पावणेपाच मात्रा गप्प बसायचं. ऐकणाऱ्याला वाटेल, हा विसरला. माझा अंदाज असा की दम पल्ल्याहून मोठा होऊ लागला की बोल बदलावा. आणि दुसऱ्या टोकाला, द्रुत लयीत चौगुनचं एकच घर दम ठेवला तर तो कुणाला ऐकूच येत नाही.

### बेदम कधी होईल?

एकूण घरांना तीनने भाग गेला तरच. हे आधी तपासलं की पुष्कळ वेळ वाचतो.

तीनतालात समेपासून दुगुन: ३३, जमते, पल्ला ११. चौगुन: ६५, नाही. खालीपासून चौगुन: पुन्हा ३३, जमते. झपतालात (१० मात्रा) दुगुन: २१, जमते, पल्ला ७. रूपकमध्ये (७ मात्रा) दुगुन: १५, पल्ला ५.

एकतालात समेपासून सोडूनच द्या. १२ ला तीनने भाग जातो, म्हणून कुठल्याही लयीत गुणून १ मिळवला की तीनने भागल्यावर १ उरणारच. सहा मात्रांच्या दादऱ्याचंही तेच. तिथे दम नेहमी २, ५, ८, ११ याच आकड्यांतला असतो. तिगुनमध्ये तर ताल कोणताही असो, मात्रेवरून उठलेली तिहाई बेदम होतच नाही, कारण तीनने गुणून झालेलं आहे. तिथेही दम २, ५, ८, ११. एकतालात बेदम तिहाई शोधत बसलेला विद्यार्थी आळशी नसतो, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

## पायरी ४: सगळी घरं भरा

आता लिहा. विभागाप्रमाणे ओळी पाडा आणि एकही घर मनात ठेवू नका. रिकाम्या घरात ऽ काढा. ओळीच्या सुरुवातीला × म्हणजे सम, ० म्हणजे खाली, २ आणि ३ म्हणजे पुढच्या टाळ्या.

उदाहरणाला मुद्दाम कठीण घेऊ: तीनताल, समेपासून, दुगुन, बेदम. पल्ला ११ घरांचा हवा, म्हणून आपल्या बोलाला शेपूट जोडू: तिट कत गदि गन धाती धा.

× तिट कत गदि गन
२ धाती धाति टक तग
० दिग नधा तीधा तिट
३ कत गदि गन धाती
× धा

सहावी मात्रा नीट बघा. तिच्या पहिल्या घरात पहिल्या पल्ल्याचा शेवटचा धा आहे आणि दुसऱ्या घरात दुसऱ्या पल्ल्याची सुरुवात. म्हणजे दुसरा पल्ला अख्खा अर्ध्या मात्रेने सरकलेला आहे: पहिल्यात ‘तिट’ मात्रेवर होतं, दुसऱ्यात ‘टक’, ‘तग’, ‘दिग’ अशी जोड्यांची मोडतोड झाली. तिसरा पल्ला बाराव्या मात्रेवर पुन्हा सरळ येतो. विद्यार्थी घसरतात ते नेमके सहाव्या मात्रेवर. हाताला ‘ति’ मात्रेवर पडायची सवय असते, तो नकळत अर्धी मात्रा थांबतो आणि तिहाई समेच्या पलीकडे जाऊन पडते. पाठ करून घेतलेली तिहाई कधी बसते, कधी बसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे सरकणं असतं.

> सावधान: दुसरा पल्ला ‘वरच्यासारखाच’ म्हणून खुणेने लिहू नका. बोल तोच असतो, मात्रा वेगळ्या असतात.

## पायरी ५: वहीतच दोन पडताळे

पहिला, धाची अंतरं. पहिल्या धाच्या घराचा क्रमांक, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. वरच्या उदाहरणात ११, २२, ३३. दोन्ही अंतरं सारखी हवीत आणि तेवढीच पल्ला + दम इतकी. दमदार तिहाईतही तसंच: खालीपासूनच्या चौगुन तिहाईत ९, २१, ३३, अंतर १२.

दुसरा पडताळा माझा लाडका. तिहाई आरशासारखी असते: पल्ला, दम, पल्ला, दम, पल्ला. त्यामुळे दुसऱ्या पल्ल्याचं बरोबर मधलं घर हे सुरुवात आणि सम यांच्या बरोबर मध्यावर पडलंच पाहिजे. समेपासून उठला असाल तर तीनतालात हा मध्य म्हणजे नववी मात्रा, खाली. वर पाहा: ११ घरांच्या पल्ल्यात मधलं सहावं अक्षर ‘दि’, आणि नवव्या मात्रेवर ‘दिग’ आहे. पाच मात्रांच्या सोप्या तिहाईत मधली मात्रा ‘गदि’, तीही नवव्या मात्रेवरच. झपतालात मध्य सहावी मात्रा, एकतालात सातवी, दादऱ्यात चौथी, केरव्यात पाचवी. या सगळ्या जागा खालीच्याच आहेत. म्हणजे समेपासूनची तिहाई म्हणताना तुमचा हात खाली दाखवतो, त्या क्षणी तोंडात दुसऱ्या पल्ल्याचं मधलं अक्षर असायला हवं. नसेल तर समेची वाट बघू नका, तिथेच थांबा. चूक पहिल्या अर्ध्या भागात झालेली आहे.

रूपकमध्ये मध्य साडेचौथ्या जागी येतो, तिथे टाळीचा आधार नाही. त्यामुळे रूपकच्या तिहाया कागदावर सोप्या दिसतात आणि हातात निसटतात. पल्ल्याची घरं सम असतील तर मधलं घरच नसतं, मध्य दोन अक्षरांच्या मधे पडतो. तिथे धाच्या अंतरांवरच भागवा.

## पायरी ६: पढंत आधी, तबला नंतर

पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. लेहरा लावा, हातावर ताल धरा. तीनतालात १, ५, १३ वर टाळी, ९ वर खाली. आधी दोन आवर्तनं नुसता ठेका म्हणा, मग तिहाई, आणि समेच्या धानंतर ताबडतोब ठेका. धा म्हणून थांबायचं नाही. समेवर थांबणारा बरोबर आला की चूक, हे त्यालाही कळत नाही. पुढचं ‘धिं धिं धा’ लेहऱ्याशी जुळलं तरच आलात.

दमाच्या जागी सुरुवातीला मोठ्याने आकडे म्हणा: ‘धा एक दोन तीन’. आकडे बोलाच्याच वेगाने. इथली चूक मी स्वतः वर्षभर केली. चौगुनचा बोल धाडधाड म्हणायचो आणि ‘एक दोन तीन’ मात्र ठेक्याच्या चालीने, सावकाश. बोल चौगुनमध्ये, दम बराबरीत. लय ६० असेल तर चौगुनमधला तीन घरांचा दम पाऊण सेकंदाचा असतो. तीन सेकंद लागत असतील तर तुम्ही घरं सोडून मात्रा मोजताय.

दहा वेळा सलग बसली की आकडे मनात म्हणा. मग तबल्यावर. लय ६० वरून एकदम १२० करू नका. ५-५ ने चढवा. ६० ला चौगुन म्हणजे सेकंदाला चार आघात, १२० ला आठ. तिथे तिहाई फसली तर ती हिशोबाची नाही, रियाजाची गोष्ट आहे. वही बंद करा.

> पडताळा: कुणाला तरी फक्त टाळी धरायला बसवा आणि त्याला बोल सांगू नका. सम कुठे आली ते त्याने सांगायचं. स्वतःच टाळी धरणारा आपली टाळी नकळत धाकडे ओढून घेतो.

## पायरी ७: उलटा हिशोब, म्हणजे बोल ठरलेला आहे, उठायचं कुठून?

साथीला बसल्यावर हेच लागतं. पल्ला आणि दम ठरवा, मग:

समेपर्यंतच्या मात्रा = (३ × पल्ला + २ × दम − १) ÷ लय

नऊ घरं, दम एक, चौगुन: २७ + २ − १ = २८, भागिले ४ = ७. समेच्या सात मात्रा आधी, तीनतालात दहाव्या मात्रेवरून. दम दोन घरं केला तर साडेसात, म्हणजे नवव्या मात्रेच्या मध्यावरून. उत्तर अपूर्णांकात आलं तर ते चूक नव्हे. फक्त उठण्याची जागा अवघड.

एका बोलाची चाल हाताला बसली की तो सगळ्या तालांत फिरवता येतो. आपला नऊ घरांचा बोल चौगुनमध्ये ठेवा: समेपर्यंतच्या मात्रांची दुप्पट करून त्यातून १३ वजा केले की दम मिळतो. एक मात्रा वाढली की दम दोन घरांनी वाढतो.

- रूपक, ७ मात्रा: दम १
- तीनताल खालीपासून किंवा केरवा समेपासून, ८ मात्रा: दम ३
- झपताल, १० मात्रा: दम ७
- एकताल, १२ मात्रा: दम ११

झपतालातली अगदी सुबक बसते: प्रत्येक पल्ला दमासकट चार मात्रांचा, सुरुवात १, ५ आणि ९ वर, धा ३, ७ आणि समेवर. एकतालातली मला जड वाटते. तिथे पल्ला १५ घरांचा करून दम २ ठेवलेला बरा: ४५ + ४ = ४९. रूपकची सम खालीची असली तरी तिहाई धावर संपवायला काही हरकत नाही.

गायकांसाठी एवढंच: मुखड्याची तिहाई घेताना पल्ला समेच्या अक्षरापर्यंतच मोजा. समेनंतर ओळीत उरलेले शब्द तिसऱ्या वेळी म्हणायला हरकत नाही, पण हिशोबात त्यांना जागा नाही.

## पायरी ८: चक्रदार आणि फर्माइशी

तिहाईसकट अख्खा तुकडा तीनदा वाजवला की चक्रदार. सूत्र तेच, फक्त पल्ला मोठा. एकूण आकडा आवर्तनांच्या पटीपेक्षा एकने जास्त यायला हवा. इथे बिनधास्त मात्रांतच मोजा, घरांची गर्दी होते.

फर्माइशीत अट वाढते: पहिल्या पल्ल्यातल्या तिहाईचा पहिला धा समेवर, दुसऱ्या पल्ल्यातला दुसरा, तिसऱ्यातला तिसरा. लोक हे चाचपडत जुळवतात. त्याची गरज नाही. दोनच गोष्टी बघायच्या:

१. पहिल्या पल्ल्यात पहिला धा समेवर पडतो का.
२. पल्ल्याची लांबी (दम असेल तर त्यासकट) अधिक दोन धांमधलं अंतर, ही बेरीज आवर्तनाच्या पटीत येते का.

तीनतालात १२ मात्रांचा तुकडा घ्या आणि त्याला ‘तिट कत गदि गन धा’ ही पाच-पाच मात्रांची तिहाई बेदम जोडा. पल्ला १२ + १५ = २७. पहिला धा १७ वर, म्हणजे समेवर. धांमधलं अंतर ५, आणि २७ + ५ = ३२, दोन आवर्तनं. जमलं. दुसऱ्या पल्ल्याचा दुसरा धा २७ + २२ = ४९ वर, तिसऱ्याचा तिसरा ८१ वर. ४८ आणि ८० या सोळाच्या पटी, त्यापुढचं एक घर म्हणजे सम. पाच आवर्तनं आणि एक धा.

> सावधान: दुसऱ्या पल्ल्याचा पहिला धा समेच्या पाच मात्रा आधी, बाराव्या मात्रेवर, म्हणजे खालीच्या विभागाच्या शेवटी येतो आणि तो समेचा वाटतो. साथीला लेहरा धरणारा नवा असेल तर तोही इथेच फसतो. दुसरा पल्ला वेगळा काढून, ठेक्यावर पाच-सहा वेळा एकटाच घोटा.

झपतालात करायची असेल तर तुकडा ८ मात्रांचा घ्या आणि तिहाई चौगुनमधली, ‘तिटकत गदिगन धाऽऽऽ’, तीन-तीन मात्रांची. पल्ला १७, अंतर ३, बेरीज २०. समेवरचे धा ११, ३१ आणि ५१ वर. चौकटीच्या वहीत एका ओळीत दहा मात्रा घेतल्या तर हे तिन्ही धा डावीकडच्या पहिल्याच रकान्यात, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत दिसतील. एखादा धा शेजारच्या रकान्यात गेला असेल, तर त्याच्या वरच्या ओळीपासून खोडायला घ्या.